कोंबड्यांचं पाणी कुणाकडे?

एका आईचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मिस्टर मुंबईला कामाला, शिमग्याला आणि गणपतीला येतात. घरी मी, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीचं काही सांगणं नाही, ती न सांगता ताटं उचलते, केर काढते. मुलाला मात्र कशाचंच काही वाटत नाही. मार्चमध्ये त्याला कोंबड्यांना पाणी घालायचं काम दिलं. चार दिवस केलं, मग विसरला. भर उन्हात दोन दिवस भांडी कोरडी राहिली आणि एक तलंग (अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी) मेली. मी ओरडले, हातही उचलला. तर म्हणतो, 'मी काय नोकर आहे?' तेव्हापासून पाणी सासूबाईच घालतात. मी बोलले की म्हणतात, 'रवांदे गो, दमान इलोहा झील.' (राहू दे गं, दमून आलाय मुलगा.) परवा वाडीतल्या पोरांबरोबर त्याने एका कुत्रीला दगड मारले, ती लंगडतेय. शेजारचा मुलगा बोलताना अडखळतो, त्याची हा नक्कल करतो आणि सगळे हसतात. माझी जाऊ मुलांना कामाचे पाच-पाच रुपये देते आणि तिची मुलं कामं करतात. आम्हीही तसंच करावं का? मुलगा मुळातच निर्दयी आहे की काय, अशी भीती वाटते."

ताई,

शेवटच्या भीतीचं उत्तर आधी देतो. पाणी विसरणं, पोरांच्या घोळक्यात दगड मारणं आणि नक्कल करणं ही एकाच स्वभावाची तीन लक्षणं नाहीत. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे. खरोखर काळजी करावी अशी चिन्हं कोणती, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण आम्ही तिथेच थांबलो. मुलगी न सांगता करते. सहा वर्षांची मुलगी न सांगता ताटं उचलते, याचा अर्थ बहुतेक घरांत एवढाच असतो की ती तीन वर्षांची असल्यापासून तिला कोणी ना कोणी सांगत आलंय आणि भावाला त्याच वेळी 'तू बस' म्हणत आलंय. तिचं चालणं-बोलणं बघून तिला घडवलं गेलं. त्याला मात्र नऊ वर्षं मोकळं सोडलं आणि एका मार्च महिन्यात एकदम जबाबदारी दिली. तो चार दिवसांत ढेपाळला, यात नवल नाही. म्हणून पहिला बदल त्याच्या कामाचा नाही, वाटणीचा. आज रात्रीपासून ताटं दोघांनी उचलायची. आपापलं ताट घासायच्या जागी नेऊन, खरकटं काढून ठेवायचं. घरी कुणी पुरुष पाहुणा असला तर त्यानेही. मुलाला 'बायकांचं काम' हा शब्द कुठून मिळतो हे शोधायला लांब जावं लागत नाही.

आता कोंबड्या. 'मी काय नोकर आहे' हे उद्धट आहेच, पण त्यात एक खरी गोष्ट अडकलेली आहे. त्याला काम सांगितलं गेलं होतं, सोपवलं गेलं नव्हतं. कोंबड्या आईच्या, भांडी आईची, कधी घालायचं ते आई ठरवणार, नाही घातलं तर आई ओरडणार. अशाने मूल फार तर सांगकाम्या होतं. सांगणारं माणूस बाजूला गेलं की काम संपलं. सोपवायचं म्हणजे काय हवंय हे बघणं, ते करणं आणि झालं की नाही ते तपासणं, हे तिन्ही त्याच्याकडे देणं. हे एका दिवसात देता येत नाही. आम्ही चार टप्पे सुचवतो, एकेका टप्प्याला दोन-तीन दिवस.

पहिले दोन दिवस तुम्ही करा आणि त्याला नुसतं शेजारी उभं करा, पण करताना बोलत राहा: भांडं आधी का घासायचं, सावलीत का ठेवायचं. पुढचे दोन-तीन दिवस दोघांनी मिळून. नंतर तो करेल आणि तुम्ही गप्प उभ्या राहाल. हा टप्पा आईला सगळ्यात कठीण जातो, कारण पाणी सांडतं, वेळ लागतो आणि हात आपोआप पुढे येतो. हात मागे बांधून उभ्या राहिलात तरी चालेल. त्यानंतर तो एकटा. बहुतेक घरांत पहिले तीन टप्पे गाळून थेट चौथ्यावर उडी मारली जाते, आणि मग 'सांगून कळत नाही' अशी तक्रार होते.

काम पूर्ण झालं म्हणजे नक्की काय झालं, हे आधी ठरवून टाका. 'नीट कर' याला मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच्या दीडपट ते दुप्पट. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यातून अंगातलं पाणी जातं. म्हणून पाण्यावाचून उन्हातला एक दिवसही तिला भारी पडतो. आठ कोंबड्या असतील तर उन्हाळ्यात चार लिटर धरून चाला, दोन सकाळी, दोन दुपारी. दोन पसरट मातीची भांडी ठेवा, एकच नको, कारण दांडगी कोंबडी बाकीच्यांना हाकलते. भांड्यात मधोमध एक दगड, म्हणजे ते कलंडत नाही आणि पिल्लू पडलं तर वर येऊ शकतं. आदल्या दिवसाचं पाणी झाडाला ओतायचं, आतला बुळबुळीत थर सोडणाच्या (नारळाच्या सालीच्या) काथ्याने घासायचा, काठापासून दोन बोटं खाली इतकं भरायचं, सावलीत ठेवायचं, मग साबणाने हात धुवायचे. हात धुणं हा कामाचाच भाग समजा, कोंबड्यांच्या विष्ठेतून पोटाचे आजार येतात. एवढं झालं की काम पूर्ण.

पाणी आणायचं कशातून, हेही बघून ठेवा. भरलेली कळशी सहज दहा किलोच्या वर जाते आणि नऊ वर्षांचं मूल पंचवीस किलोच्या आसपास असतं. त्याला दोन-तीन लिटरची छोटी बादली द्या. विहिरीचं पाणी शेंदायला मात्र त्याला एकट्याला लावू नका, कठडा असला तरी. पिंपात पाणी भरून ठेवायचं काम मोठ्यांचं. मुलाच्या मापाचं सामान हा मुद्दा बारीक वाटतो, पण निम्मी कामं यावरच अडतात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली इथेच, उत्तर कोकणातल्या बोर्डीला, खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं अशा गावात मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हातात दिल्या. तुमच्या घरी तर सगळंच हाताशी आहे. धाकटीला अर्ध्या उंचीची केरसुणी, तुळशीला पाणी घालायला छोटा तांब्या. मोठ्यांची केरसुणी ओढत नेणारं मूल केर पसरवतं आणि बोलणी खातं.

वेळ घड्याळावर बांधू नका. 'साडेसातला' हे तो विसरेल, 'पेज खाल्ली की कोंबड्या' हे विसरायला कठीण. जी गोष्ट रोज होतेच, तिच्या मागे नवं काम जोडायचं. दुपारचं पाणी जेवणानंतर, हात धुतल्यावर लगेच.

आणि तरीही तो विसरेल. दुसऱ्या आठवड्यात बहुतेक विसरेलच, कारण नवलाई संपलेली असते आणि सवय लागलेली नसते. इथे एक भेद नीट लक्षात घ्या, आमच्या मते या सगळ्या पत्राचं उत्तर त्यातच आहे. ज्या विसरण्याचा चटका फक्त त्याला बसतो, तिथे चटका बसू द्या. डबा घरी राहिला, तर शाळेत नेऊन देऊ नका. छत्री विसरला, तर भिजत येऊ दे. पण ज्या विसरण्याची किंमत दुसरा जीव मोजतो, तिथे 'शिकेल आपोआप' म्हणून बघत बसायचं नाही. कोंबडीने तहानेनं तडफडून तुमच्या मुलाला धडा द्यायचा नसतो. मार्चमध्ये नेमकं तेच झालं. दोन दिवस भांडी कोरडी होती आणि घरातल्या कुठल्याच मोठ्या माणसाने तिकडे पाहिलं नाही, असाही त्याचा एक अर्थ होतो. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण मुलाच्या कामावर मोठ्याची एक चोरटी नजर हवीच, किमान दोन महिने.

ती नजर अशी. सकाळी नऊच्या सुमारास तुम्ही खुराड्याकडून एक फेरी मारा. भांडं कोरडं असेल तर स्वतः भरू नका आणि ओरडूही नका. तो जिथे असेल तिथून, खेळ अर्धा टाकून, बोलवा. "खुराड्याकडे बघ जरा." एवढंच. त्याने बघायचं, त्यालाच कळायचं, त्यानेच भरायचं. पुढचं भाषण गिळून टाका. 'तुला किती वेळा सांगितलं'पासून सुरू होणाऱ्या वाक्याने आजवर कुठल्याच कोंबडीला पाणी मिळालेलं नाही. खेळ मधेच सोडून यावं लागणं ही पुरेशी आठवण असते. मारण्याबद्दल एवढंच: मार बसला की मुलाच्या डोक्यात तलंग राहत नाही, आई राहते. तो तुमच्यावर चिडून बसतो आणि कोंबडीचा विचार तिथेच थांबतो. त्या तलंगीबद्दल अजून शांतपणे बोलणं झालं नसेल तर एकदा बोला. "पाणी नव्हतं म्हणून ती मेली. मीही बघायला हवं होतं. आता आपण असं करणार आहोत." आणि विषय संपवा. पुन्हा भांडणात तो काढायचा नाही.

सासूबाईंकडे वळू. त्या आपल्या नातवाला वाईट वळण लावायला बघत नाहीत, त्यांच्या हाताला काम केल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना 'करू नका' म्हटलं तर वाद होईल आणि नातू दोघींच्या मधल्या फटीतून निसटेल. त्यांना वरचं काम द्या. कुठली कोंबडी अंडं बाहेर घालते, कुणाच्या पिसांत उवा झाल्यात, कुणाची विष्ठा पातळ आहे, हे त्यांच्याइतकं घरात कुणालाच कळत नाही. "पाणी तो घालील, तुम्ही त्याला कोंबड्या ओळखायला शिकवा," असं सांगितलंत तर त्यांचा मान राहतो आणि मुलाला पाण्याच्या पलीकडची कोंबडी दिसायला लागते. दया म्हणतात ती पुष्कळदा अशी सुरू होते, समोरच्याचं बारीकसारीक लक्षात यायला लागलं की. संध्याकाळी खुराडं बंद करताना कोंबड्या मोजायचं काम धाकटीला द्या. तिलाही केर-ताटांच्या पुढचं काहीतरी मिळू दे. कडी मात्र मोठ्याने लावायची, बॅटरी घेऊन. खुराड्याच्या कोपऱ्यात साप बसलेला असू शकतो.

सापाचं निघालं म्हणून सांगून टाकतो. कामं देताना चार जागा मुलांना वर्ज्य ठेवा: लाकडांची रास, सोडणांचा ढीग, गवताची उडवी आणि चिऱ्यांच्या गडग्यातली भोकं. आपल्या भागात फुरसं हा विषारी साप आणि लाल विंचू नेमके अशाच ठिकाणी असतात. जळण आणायला मुलाला पाठवायचंच असेल तर दिवसाउजेडी, काठीने आधी हलवून, मोठ्याच्या नजरेसमोर. पाऊस सुरू झाला की गोठ्यातली आणि चिखलातली कामं अनवाणी करू देऊ नका. लेप्टो हा तापाचा आजार जनावरांच्या आणि उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात येतो आणि पायाच्या कातऱ्यांतून, जखमांतून शरीरात शिरतो. मिस्टरांना सांगून जूनच्या आत दोघांच्याही मापाचे गमबूट मागवून घ्या.

पैशांचा प्रश्न. आमचं उत्तर 'नाही' आहे, थोडी फट ठेवून. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस महिन्यांच्या मुलांसमोर मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडायची आणि मुलं आपणहून उचलून द्यायची. काहींना त्याबद्दल दर वेळी बक्षीस मिळालं, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर पहिल्या गटातल्या मुलांची मदत बाकीच्यांपेक्षा कमी झाली. तुमच्या जाऊबाईंची मुलं आज कामं करतायत हे खरंच आहे. पण पाच रुपयांत विकत घेतलेलं काम दहावीत गेल्यावर पाच रुपयांत मिळत नाही. आणि एक दिवस मूल म्हणतं, "आज मला पैसे नकोत." तेव्हा तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही, कारण सौदा त्याने मोडलेला नसतो, नाकारलेला असतो. फट अशी: ज्या कामातून घराला पैसा येतो, त्यात मुलाचा वाटा असायला हरकत नाही. काजू बिया गोळा करून विकल्या, तर त्याने गोळा केलेल्या बियांचे थोडे पैसे त्याचे. पायात बूट घालून, पाचोळा काठीने सारून मगच बी उचलायची. आणि बिया भाजायला मुलांना बसवू नका, टरफलातलं तेल उडून कातडी भाजते. ताटं उचलणं, पाणी घालणं, आजीला चष्मा आणून देणं यांना मात्र कधीच दर लावू नका.

शाबासकीही मोजून द्या. 'शहाणं माझं बाळ' रोज म्हटलं की ते पंख्याच्या आवाजासारखं होतं, कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा जे दिसलं ते बोला: "दुपारी भांडं सावलीत सरकवलंस, बघ सगळ्या तिथे जमल्यात." त्याने काय केलं आणि त्याने कुणाला काय झालं, एवढंच. चांदण्यांचे तक्ते भिंतीवर लावू नका, दोन भावंडांत तर नकोच. आठवड्याभरात काम मागे पडतं आणि चांदण्यांवरून भांडण लागतं.

सध्या आगोटीचे, म्हणजे पावसाआधीच्या तयारीचे, दिवस आहेत, त्याचा फायदा घ्या. आमसुलांइतकं चांगलं काम शोधून सापडणार नाही. रातांबे (कोकमाची फळं) फोडून, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून, उन्हात वाळवून, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असं पाच-सात दिवस चालतं. यात मुलाचं काम दुहेरी: दुपारी सालं उलटवायची आणि आभाळावर लक्ष ठेवायचं. ढग भरून आले की कुणी हाक मारायची वाट न बघता सगळं पडवीत घ्यायचं. वळवाची सर आली आणि सालं भिजली तर बुरशी येते, हे त्याला आधीच सांगून ठेवा आणि मग खरंच त्याच्यावर सोडा. एखादी ताटली भिजली तर भिजू द्या, ती फेकताना त्याला बघू द्या. सगळी वाळवणं पहिल्याच दिवशी त्याच्या हवाली करू नका, चार ताटल्यांपासून सुरुवात करा. कपडे जुने घाला, रातांब्याचा डाग निघत नाही.

आता कुत्री. त्याला एकट्याला गाठून, राग उतरल्यावर विचारा: दगड का मारलास? मुलं दोन कारणांनी मारतात, भीतीने किंवा दोस्तांना दाखवायला. भीती असेल तर त्याला कुत्र्यासमोर कसं वागायचं ते शिकवा: पळायचं नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, हात अंगालगत ठेवून उभं राहायचं, खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांपाशी असलेल्या कुत्रीजवळ जायचंच नाही. दाखवण्यासाठी मारला असेल तर त्याला हे विचारा की पहिला दगड कुणी उचलला आणि दुसरा उचलताना काय वाटलं. उत्तराची घाई करू नका. मग भरपाई. 'सॉरी म्हण' हे कुत्रीपुढे चालत नाही, हा या प्रसंगाचा एक फायदाच आहे. पाय बरा होईपर्यंत गेटपाशी रोज एका भांड्यात पाणी आणि उरलेला भात ठेवायचा, लांबून, हाताने भरवायचं नाही. दुखावलेलं कुत्रं वेदनेने चावतं, म्हणून तिला हात लावू देऊ नका. पाय टेकवतच नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा आणि विचारायला त्याला बरोबर न्या. कुणाला दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस.

भरपाई आणि शिक्षा यांत गल्लत होऊ देऊ नका. दगड मारला म्हणून 'आता आठवडाभर गोठा झाड' असं केलंत तर गोठा झाडणं ही शिक्षा ठरते आणि घरकाम कायमचं बदनाम होतं. ज्याचं बिघडवलं त्याचंच दुरुस्त करायचं.

नक्कल हा प्रकार आम्हाला तिन्हींत जास्त गंभीर वाटतो, कारण तिथे त्याला हशा मिळतो. हशा हे मोठं बक्षीस आहे. शेजारच्या मुलाला सगळ्यांपुढे उभं करून माफी मागायला लावू नका, त्या मुलाची आणखी शोभा होते. तुमच्या मुलाला तीन गोष्टी शिकवा. शेजारचा मुलगा बोलत असताना त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचं. मधेच शब्द सुचवायचा नाही. 'हळू बोल', 'नीट बोल' म्हणायचं नाही, त्याने अडखळणं वाढतं. आणि पुढच्या वेळी पोरं हसायला लागली की हसायचं नाही, खेळ पुढे न्यायचा: "चल, डाव तुझा." एवढं वाक्य घरी दोन-तीनदा म्हणून घ्या, आयत्या वेळी सुचत नाही. भरपाई म्हणून त्याला खेळायला बोलवायला तुमच्या मुलाने स्वतः जावं, क्रिकेट, गोट्या, लगोरी, ज्यात बोलणं कमी आणि हात जास्त. त्या मुलाच्या आईशी तुम्ही आधी बोलून घ्या.

एक गोष्ट मात्र घरात तपासा. आपल्याकडे पडवीत गजाली रंगल्या की माणसांची नावं कशी घेतली जातात? लंगडो अमका, बोबडो तमका, काणो फलाणा. मोठ्यांना त्यात वावगं वाटत नाही, सगळं गाव त्याच नावाने ओळखतं. खांबाला टेकून बसलेलं मूल ते सगळं ऐकत असतं. त्याने नक्कल शिकायला बाहेर जायची गरजच नसते. आठवडाभर घरात कुणाचंही नाव व्यंगावरून घ्यायचं नाही असं ठरवून बघा. किती वेळा जीभ अडते ते मोजायला मुलालाच सांगा, तो अगदी मन लावून मोजेल.

शेजारधर्माची कामंही त्याच्याकडे द्या. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत तुमच्याकडे असेलच. वाटीत काय घालायचं हे त्याने ठरवायचं, नेऊन द्यायचीही त्यानेच. मुलं मुंबईला गेलेली, एकटी राहणारी म्हातारी माणसं प्रत्येक वाडीत आहेत. ओळखीच्या अशा एखाद्या घरी दिवसाउजेडी जाऊन लाइट बिलावरची तारीख वाचून दाखवणं, फोनवरचा मेसेज वाचणं, हे चौथीतल्या मुलाला झेपतं. घर तुम्ही निवडा.

खरी काळजी कधी करायची? जनावराला दुखवताना त्याला मजा येतेय, एकटा असतानाही तो ते करतोय, पुन्हा पुन्हा करतोय, मुद्दाम आगी लावतोय, किंवा अचानक झोप-जेवण-शाळा यांत मोठा बदल झालाय असं दिसलं, तर वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवा. मुलाला कुणी त्रास देतंय का, हेही तेव्हा हळूच विचारा. पत्रावरून तरी तुमच्याकडे तसं दिसत नाही.

मिस्टरांचं राहिलं. रोजच्या फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा असतो. तो दुसरा करा. पहिला: "आज अंडी किती?" बापाला कोंबड्यांची खबर द्यायची आहे हे ठरलं की मुलगा खबर ठेवायला लागतो. आणि गणपतीला आल्यावर पहिल्याच जेवणाला त्यांनी स्वतःचं ताट स्वतः उचलावं, न बोलता, मुलासमोर. हे त्यांना आधी फोनवर सांगून ठेवा, पंगतीत सांगू नका.

पाऊस सरला की, म्हणजे गणपती-नवरात्राच्या पुढे, कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवा. भर पावसात नको, पिल्लं गारठून जातात. दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली, फ्रिजमधली नकोत. करंडीत भाताचा पेंढा, काळोखी कोपरा, हाताच्या अंतरावर दाणा-पाणी. सातव्या रात्री सासूबाईंना त्याच्याबरोबर बसवा आणि अंड्यामागे बॅटरी धरायला सांगा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं धरलंय, स्वच्छ दिसलं तर काढून टाकायचं. एकवीस दिवस कॅलेंडरवर त्याने खुणा करायच्या, कोंबडी रोज एकदा उठते तेव्हा पाणी आहे ना ते बघायचं. एकोणिसाव्या दिवसापासून अंडी हलवायची नाहीत, हे धाकटीला दोनदा सांगा.